सुंठीवाचून गेलेला खोकला

आल्याला आपल्या भागात अद्रक म्हणतात. कन्नड, खुलताबाद, फुलंब्रीकडच्या शेतांतून ते निघते तेव्हा ओले, रसरशीत असते. तेच वाळले की त्याची सुंठ होते. एकाच कंदाला आपल्या पूर्वजांनी दोन नावे दिली, ती काही उगाच नव्हेत. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल नावाच्या द्रव्याचा. आले वाळताना किंवा तापताना या द्रव्याच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि त्याचे शोगाओल बनते. जपानी भाषेत आल्याला 'शोगा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. शोगाओल जिंजेरॉलहून अधिक तिखट असते. म्हणून सुंठ जिभेला जास्त झोंबते. हे झोंबणे म्हणजे तरी काय? जिभेतील मज्जातंतूंवर उष्णतेची वर्दी देणारे एक प्रथिन असते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ साली ओळखले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला तो अशाच कामाबद्दल. मिरचीतील द्रव्य या प्रथिनाला चेतवते, तसेच जिंजेरॉलही. आले 'उष्ण' आहे ही आजीबाईंची समजूत निदान जिभेपुरती तरी खरी म्हणायची!

पण औषध म्हणून काय? आम्हांला येथे 'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण आठवते. खोकला आपोआपही जातो. मग सुंठ घेऊन गेलेला खोकला सुंठीनेच गेला, हे कशावरून? संशोधकांची सारी धडपड या एका प्रश्नासाठी असते. १९८२ साली अमेरिकेत प्रवासात मळमळणाऱ्या ३६ विद्यार्थ्यांना फिरत्या खुर्चीत बसवले. काहींना सुंठीची पूड दिली होती, काहींना नेहमीचे औषध, काहींना नुसत्या एका रानपाल्याची पूड. सुंठवाले सर्वांत जास्त वेळ टिकले. १९९१ सालच्या दुसऱ्या प्रयोगात मात्र हा गुण दिसला नाही. गरोदरपणातील मळमळीवर थोडा उतार पडतो, याला पुरावा त्याहून बरा आहे.

काचपात्रातील कर्करोगाच्या पेशी जिंजेरॉलने मरतात, हेही खरे. परंतु पोटात घेतलेले जिंजेरॉल आतड्यात आणि यकृतात झपाट्याने पालटते. रक्तात ते मोकळे असे फारच थोडे उरते. काचपात्रातली मात्रा रसाचे पेले रिचवून गाठता येत नाही. तेव्हा एखादे कात्रण वाचून कोणी चालू उपचार सोडून आल्याच्या रसावर विसंबणार असेल, तर त्याला आम्ही हात जोडून थांबवू. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही सुंठीची मोठी मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. व्याख्यानानंतरच्या आल्याच्या चहाला मात्र आमची काही हरकत नाही.