पुणें-लोणावळें लोहमार्गाची कोंडी

पिंपरी, चिंचवड अथवा आकुर्डी स्थानकावर सकाळीं उभ्या असलेल्या कामगारास रेल्वेची सुधारणा म्हणजे काय असें विचारलें, तर तो विक्रमी वेगाचें नांव बहुधा काढणार नाहीं. पाळी सुरू होण्यापूर्वीं कारखान्याशीं पोंचविणारी गाडी त्यास हवी असते. ही माफक अपेक्षा पुरी होणें कठीण कां जातें, हें समजण्यास या मार्गाचा थोडा इतिहास व थोडें गणित पुरेसें आहे.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ सालीं गेली. १८५८ मध्यें पुणें-खंडाळें मार्ग सुरू झाला. परंतु बोरघाट अद्याप फुटला नव्हता. खोपोली ते खंडाळें या टप्प्यांत उतारूंस पालखी किंवा तट्टू करावें लागे. १८६३ मध्यें बोगदे व पूल बांधून घाटांतील मार्ग खुला झाला. तरी चढण बिकटच, सदतीस फुटांमागें एक फूट. शिवाय वाटेंत एके ठिकाणीं गाडीची दिशा उलटावी लागे. १९२९ मध्यें नव्या आखणीनें हा खोळंबा टळला, त्याच वर्षीं कल्याण-पुणें मार्गावर वीज आली, आणि १ जून १९३० रोजीं दख्खनची राणी धांवूं लागली. प्रत्येक वेळीं जेथें अडलें होतें तेथेंच हात घातला गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें अडचणीची जागा घाटावरून सपाटीवर आली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्यें पिंपरीस स्थापन झाली. मागोमाग मोटारींचे व स्कूटरींचे कारखाने आले. मोरया गोसावींच्या चिंचवडाभोंवतीं मोठें नगर वसलें. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. त्यापूर्वींच, १९७८ मध्यें, पुणें-लोणावळें लोकल सुरू झाली होती. परंतु जाण्याचा एक व येण्याचा एक, असे दोनच मार्ग राहिले. त्यांवरूनच मुंबईच्या जलद गाड्या, मालगाड्या आणि मधल्या पंधरा स्थानकांवर थांबणारी लोकल चालते.

आतां गणित पाहावें. समजा, लोकलला लोणावळें गांठण्यास सव्वा तास लागतो व जलद गाडीस पाऊण तास. लोकल पुण्याहून आठ वाजतां निघाली तर सव्वानऊस पोंचेल. मागून येणारी जलद गाडी वाटेंत अडूं नये म्हणून ती साडेआठापूर्वीं सोडतां येत नाहीं. मध्यें दुसरी लोकल सोडली तर जलद गाडी आणखी मागें जाते. नाहीं तर लोकलला एखाद्या स्थानकावर बाजूच्या रुळावर थांबवून तिला पुढें काढावें लागतें. मग कामगाराचीं मिनिटें खर्चीं पडतात. अरुंद पाणंदीत बैलगाडीमागें घोडा अडकावा, तसाच हा प्रकार होय. घोड्यास चाबूक मारून पाणंद रुंद होत नाहीं.

सिग्नल सुधारून कांहीं लाभ होतो. मार्गाचे तुकडे पाडून एका तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी सोडावयाची, हा सुरक्षिततेचा मूळ नियम आहे. स्वयंचलित सिग्नलांनीं हे तुकडे लहान होतात व गाड्या जवळजवळ चालवितां येतात. मात्र मंद व जलद गाडींतील फरक तसाच राहतो. तो मिटविण्याचा खरा उपाय म्हणजे दोन्ही प्रकारच्या गाड्यांस निराळे रूळ देणें. २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें तिसऱ्या व चौथ्या मार्गास मान्यता दिली, ती याच कारणास्तव महत्त्वाची. रुळांच्या दोहों बाजूंस वस्ती दाटत चालली आहे. विलंबागणिक जागा महाग व घरें हलविणें दुष्कर होत जातें.

चाकणास तर लोहमार्गच नाहीं. तळेगांवास लोकलमधून उतरलेल्या कामगारास पुढील वाट रस्त्यानेंच धरावी लागते, आणि त्याच रस्त्यावर कारखान्यांच्या मालाचीं वाहनें असतात. म्हणून स्थानकाबाहेर गाडीच्या वेळेशीं जुळणारी बस, हीदेखील रेल्वेचीच सुधारणा मानली पाहिजे.

डबे नवे व्हावेत, वेगही वाढावा. परंतु आकुर्डीचा उतारू सुधारणेचें मोजमाप आपल्या हजेरीच्या वेळेवरून करील, आणि तें माप खोटें म्हणतां येणार नाहीं.