चहामागे चालत आलेला कप

चहाच्या कपाचा बाराशे वर्षांचा प्रवास पाहिला, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आधी चहा करायची रीत बदलली, मग भांडं बदललं.

आठव्या शतकात चीनमध्ये लू यू याने चहावर ग्रंथ लिहिला. तेव्हा चहाच्या वड्या भाजून, कुटून पूड उकळत. पांढऱ्या वाडग्यात हा चहा तांबडा दिसे, म्हणून लू यूने युए भट्ट्यांचे हिरवट झिलईचे वाडगे सर्वांत सरस ठरवले. त्यांत चहा हिरवा दिसे.

सोंग काळात पूड वाडग्यातच घालून गरम पाण्यात फेस येईपर्यंत घुसळू लागले. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून फुजियान प्रांतातल्या काळ्या वाडग्यांना मान मिळाला. लोहयुक्त झिलईवर भट्टीत सशाच्या केसांसारख्या बारीक रेघा उमटत आणि वाडगा जाड असल्याने चहा लवकर निवत नसे. सम्राट हुइझोंगने आपल्या चहाग्रंथात याच वाडग्यांची वाखाणणी केली.

1391 मध्ये मिंग सम्राट होंगवूने वड्यांचा नजराणा बंद केला. पानं गरम पाण्यात मुरवायची रीत रूढ झाली आणि चहाचा रंग स्वच्छ दाखवणारे छोटे पांढरे पेले पुढे आले. सतराव्या शतकात डच जहाजांतून असे पेले युरोपात पोहोचले, तेव्हा त्यांना कान नव्हता. 1710 मध्ये माइसेनला युरोपचा पहिला अस्सल पोर्सिलेनचा कारखाना निघाला. इंग्लंडमध्ये 1800 च्या सुमारास स्पोड पितापुत्रांच्या कारखान्यात हाडांची राख मिसळून केलेलं बोन चायना स्थिरावलं. ते पातळ, शुभ्र आणि तरीही मजबूत होतं. एव्हाना चहाच्या पेल्याला कान जडू लागला होता. खोलगट बशीत ओतून चहा पिण्याची सवय युरोपातही होती. पुढे शिष्टाचाराने ती मोडीत काढली.

महाराष्ट्रात मात्र बशीने आपलं काम सोडलं नाही. दूध-साखर घालून खळखळ उकळलेला आपला चहा भाजतो. पसरट बशीत तो झटकन निवतो. अशा चहाला बोटं न पोळणारा कान, जाडसर कप आणि खोल बशी हवी. दुकानात कप निवडताना नक्षी जरूर पाहा, पण त्याआधी घरी चहा कसा होतो ते आठवा.