दोघीच निघालो मलेशियाला!

“तुम्ही दोघीच जाणार? टूरवाल्यांशिवाय?” चेन्नईतल्या आमच्या घरी हा प्रश्न महिनाभर विचारला जात होता. दोघी म्हणजे मी आणि सांगलीहून आलेल्या माझ्या मोठ्या नणंदबाई. वन्सं साठीला टेकलेल्या. त्यांनी आयुष्यभर प्रवास भरपूर केला, पण तिकिटे, पैसे, ओळखपत्रे सारे त्यांच्या यजमानांच्या बॅगेत असायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि वन्संचे घराबाहेर पडणेच थांबले. “अगं, मुलाकडे बंगळूरला जायचे तरी कुणीतरी न्यायला यावे लागते,” असे त्या एकदा म्हणाल्या, तेव्हाच मी ठरवले की या सहलीचे सगळे नियोजन वन्संनीच करायचे.

मलेशियाच का?

चेन्नईहून क्वालालंपूर विमानाने सुमारे चार तासांवर. मलाय, चिनी आणि भारतीय वंशाचे लोक तिथे शेजारी-शेजारी राहतात आणि भारतीयांत बहुसंख्य तमिळ आहेत. चेन्नईच्या बंदरातून ‘चिदंबरम’ ही प्रवासी बोट पेनांगला जात असे. 1985 साली बोटीला आग लागली आणि ती सेवा संपली. हे नाते त्याहूनही जुने आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात राजेंद्र चोळाच्या शिलालेखात ‘कडारम’ म्हणजे आजच्या केडा प्रांताचा उल्लेख आहे आणि त्याच मंदिरात सरफोजीराजांनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही आहे. म्हणजे देश परका, पण अगदीच अनोळखी नाही. पहिल्या स्वतंत्र प्रवासाला असाच देश निवडावा.

दिवस सात, गावे दोनच

पहिल्या यादीत वन्संनी सात दिवसांत सहा ठिकाणे लिहिली होती. मग प्रत्येक ठिकाणापुढे जाण्या-येण्याचा वेळ लिहायला सांगितला. बेरीज पाहून त्यांनीच चार नावे खोडली! उरली दोन, क्वालालंपूर आणि पेनांग. सकाळी एक ठिकाण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी भटकंती. विषुववृत्ताजवळच्या दमट उन्हात हेच वेळापत्रक झेपते. बटू केव्हजच्या 272 पायऱ्या वन्संच्या गुडघ्यांना जमतील का, याचा विचारही घरीच केला. सकाळी लवकर जायचे आणि जमले नाही तर 2006 साली उभारलेल्या मुरुगनच्या जवळजवळ 43 मीटर उंच मूर्तीचे दर्शन खालूनच घ्यायचे.

पाऊस आणि सण पाहा

चेन्नईला भिजवणारे ईशान्य मोसमी वारे मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यालाही झोडपतात. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडच्या लहान बेटांवरची बरीच हॉटेले बंद असतात. पश्चिमेकडच्या पेनांगला तेव्हाही जाता येते. आम्ही जुलै निवडला, तरी छत्री हवीच.

सणांच्या तारखाही पाहून घ्या. चिनी नववर्षाला अनेक दुकाने बंद राहतात, ईदच्या सुमारास आगगाड्या भरलेल्या असतात आणि तैपूसमला बटू केव्हजला प्रचंड गर्दी लोटते. हे सोहळे पाहायचे असतील तर मुद्दाम जावे, पण नकळत त्यात सापडू नये.

कागदपत्रांची पिशवी

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत 2026 च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे, तरी तिकीट काढण्यापूर्वी खात्री करावी. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर तो विनामूल्य आहे. पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण कागदावर छापून घ्या. खर्चाच्या हिशेबात परदेशी पाहुण्यांवरचा दर खोलीमागे दर रात्री दहा रिंगिटचा पर्यटन करही धरा. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. अमली पदार्थांविषयीचे कायदे अतिशय कडक आहेत, म्हणून अनोळखी माणसाची पिशवी क्षणभरही हातात घेऊ नका.

ताटात काय येईल?

वन्सं पक्क्या शाकाहारी. केळीच्या पानावरचा भात तिथेही मिळतो, त्यामुळे चेन्नईकरांना काळजी नाही. मात्र नुसते ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या पदार्थातही सुकी कोळंबी असू शकते आणि मलाय चटणीत बहुधा ती असतेच. म्हणून वन्संनी एक वाक्य पाठ केले, “ताक माहू इकान, उदांग, दागिंग.” म्हणजे मासे, कोळंबी, मांस नको. भाषेचा धसका तर लगेच गेला. मलायमध्ये भाषेला ‘बहासा’, भूमीला ‘बूमी’ आणि नवऱ्याला चक्क ‘सुआमी’ म्हणतात, हे ऐकून वन्सं कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसल्या.

जसा उंबरठा, तशी रीत

पेनांगच्या जॉर्जटाउनमध्ये एकाच रस्त्याच्या परिसरात 1818 सालचे सेंट जॉर्ज चर्च, दयादेवी क्वान यिनचे चिनी मंदिर, महामारियम्मनचे देऊळ आणि चोळमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या तमिळ मुसलमानांनी स्थापलेली कपितान केलिंग मशीद आहे. मेलाकाबरोबर हे शहर 2008 साली जागतिक वारसा यादीत आले. इथे हिंडायचे तर अंग झाकणारे कपडे आणि एक ओढणी जवळ हवी. देऊळ आणि मशिदीत चपला बाहेर काढायच्या आणि मशिदीत नमाजाची वेळ टाळायची. वस्तू देता-घेताना उजवा हात वापरावा, कुणाकडे तर्जनी रोखू नये, लहान मुलांच्याही डोक्याला हात लावू नये. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणेही टाळावे.

चूक झाली, तरी...

क्वालालंपूरहून पेनांगसाठी बटरवर्थपर्यंत आगगाडी आणि पुढे फेरीबोट असा बेत होता. गाडीचे आरक्षण वन्संनी स्वतः केले आणि तारीख चुकवली. पैसे बुडाले. त्या रात्री त्या धड जेवल्या नाहीत. “हे असते तर असे झाले नसते,” एवढेच म्हणाल्या. आमचे हे मदतीला उठत होते, मी डोळ्यांनीच थांबवले. सकाळी वन्सं आपण होऊन पुन्हा संगणकापुढे बसल्या, तारीख तीनदा मोठ्याने वाचली आणि मगच पैसे भरले.

पेनांगची मशीद, देऊळ, समुद्र सारे सुंदर होतेच. पण मला आठवतो तो क्वालालंपूरचा विमानतळ. अधिकाऱ्याने कागद मागितले तेव्हा वन्संनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दोघींचे पासपोर्ट त्यांच्याच पर्समध्ये होते.

परतल्यावर पुढच्याच महिन्यात त्या बंगळूरला मुलाकडे गेल्या. एकट्या. तिकीट अर्थात त्यांनीच काढले होते.