कोपराच्या दुखापतीनंतर मालीश करू नये
नको तेथे वाढलेले हाड आणि त्यावरील शस्त्रक्रिया

रसमडा, बोरई, भिलाई यांसारख्या औद्योगिक परिसरात उंचावरून पडणे, यंत्रात हात सापडणे, भाजणे अशा अपघातांचा धोका असतो. कोपर मोडल्यास किंवा निखळल्यास काही रुग्णांमध्ये सांध्याभोवतीच्या मऊ भागात नवे हाड तयार होऊ लागते. गंभीर भाजणे, डोक्याला किंवा मणक्याला मोठी इजा होणे यानंतरही असे घडू शकते. त्या वेळी कोपराला मार लागलेला असतोच असे नाही.

लक्षणे
दुखापतीनंतर काही आठवड्यांत कोपर सुजते, गरम लागते, दुखते आणि हळूहळू आखडते. जेवणे, केस विंचरणे अशा नित्य कामांसाठी कोपर साधारणपणे ३० ते १३० अंशांपर्यंत वाकावे लागते. हाडाचा अडसर आला की घास तोंडापर्यंत नेणेही कठीण होते.

मालीश का टाळावी?
तेल चोळून किंवा हात जोराने ओढून कोपर मोकळे होत नाही. उलट, इजा झालेल्या स्नायूंना पुन्हा मार बसून हाड वाढण्याचा धोका असतो. व्यायाम तज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि रुग्णाने स्वतः, सोसवेल इतकाच करावा.

शस्त्रक्रिया केव्हा व कशी?
व्यायामाने हालचाल सुधारत नसेल आणि नित्य कामे अडत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पूर्वी वर्ष-दीड वर्ष थांबण्याची पद्धत होती. आता एक्स-रेमध्ये हाड पक्व व स्पष्ट कडांचे दिसल्यावर, अनेकदा सहा महिन्यांच्या सुमारास, निर्णय घेतला जातो. सीटी स्कॅनने हाडाची नेमकी जागा कळते. शल्यचिकित्सक वाढलेले हाड काढतात, आखडलेले आवरण मोकळे करतात आणि कोपराच्या आतील बाजूने जाणारी नस जपतात. नसेला इजा, जंतुसंसर्ग, हाड पुन्हा वाढणे हे यातील धोके आहेत.

शस्त्रक्रियेनंतर
हाड पुन्हा वाढू नये म्हणून काही रुग्णांना काही आठवडे औषध किंवा किरणोपचाराची अल्प मात्रा दिली जाते. पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. व्यायाम लवकर सुरू होतो व काही महिने चालतो. तो अर्धवट सोडल्यास कोपर पुन्हा आखडू शकते.

त्वरित रुग्णालयात जावे
• करंगळी व अनामिका बधिर होणे
• ताप येणे, जखमेतून पू येणे
• वेदना व सूज अचानक वाढणे

प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून दुर्गचे जिल्हा रुग्णालय किंवा रायपूरचे एम्स येथील अस्थिरोग विभागाचा सल्ला घेता येतो. जुने एक्स-रे, तसेच आयुष्मान किंवा कामगार राज्य विमा कार्ड असल्यास सोबत न्यावे.