भूमिती एकट्याने नव्हे, सोबतीने!

एटापल्ली तालुक्यातील सूरजागड म्हटले की लोहखनिजाचा डोंगर आणि लाल धूळ उडवीत जाणारे ट्रक डोळ्यांपुढे येतात. 2021 पासून तेथे मोठ्या प्रमाणावर खनिज निघू लागले. परंतु त्या परिसरातली मुलेही दप्तर घेऊन शाळेत जातात, हे क्वचितच कुणाच्या ध्यानी येते. डोंगराची मोजणी करायला, खाणीचा नकाशा काढायला भूमिती लागते. ते काम उद्या बाहेरची मुले करणार की याच गावांतली? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर आठवी-नववीच्या वर्गात घडते.

पहिली अडचण भाषेची. तिथल्या आदिवासी मुलांची घरची बोली माडिया, पुस्तक मराठीत. ‘समद्विभुज’, ‘एकरूप’, ‘लंबदुभाजक’ हे शब्द तर मराठी घरांतल्या मुलांनाही परकेच. मूल शब्दाला अडते आणि आपण म्हणतो, त्याला गणित येत नाही! शेजारी बसलेल्या मैत्रिणीने घरच्या बोलीत दोन वाक्ये सांगितली की गाठ सुटते. गुरुजींना विचारायला लाजणारी मुलगी मैत्रिणीला तोच प्रश्न तीनदा विचारते.

आम्ही स्वतः भूमिती घोकून पास झालो. आकृतीची अक्षरे बदलली की आमची गाडी अडायची. कारण ‘का?’ असे विचारणारा सोबती नव्हता.

एक उदाहरण पाहू. अंगणात वाकड्यातिकड्या चार खुंट्या ठोकून त्यांना सुतळी बांधा. झाला चौकोन. आता चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडा. आतल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर दिसतील. एक मूल म्हणेल, “मी मोजून पाहिले, बरोबर आहे.” दुसऱ्याने विचारावे, “पण दरवेळी असेच का?” तिसऱ्याने समोरासमोरच्या दोन खुंट्यांमध्ये कर्णाची सुतळी ताणावी. आता दोन त्रिकोण दिसतात. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर व तिच्या निम्मा असतो, हे नववीत शिकवतात. मग कर्णाच्या अलीकडची सुतळी कर्णाला समांतर आणि पलीकडचीही. दोन्ही त्याच्या निम्म्या. म्हणून आतला चौकोन समांतरभुज. तिघांनी मिळून सिद्धता केली!

स्पर्धांची तयारी याहून वेगळी नसते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारत 1989 पासून भाग घेतो. 1996 साली ही स्पर्धा आपल्या मुंबईत भरली होती. 2024 साली इंग्लंडमधील बाथ येथे भारताने चार सुवर्णपदके मिळवून चौथा क्रमांक पटकावला. देशातल्या निवडीची पहिली पायरी म्हणजे तीन तासांत 30 प्रश्नांची परीक्षा. पुढच्या पायऱ्यांवर संपूर्ण सिद्धता लिहावी लागते. निवडक मुलांचे शिबिर मुंबईतील मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातर्फे होते. अंतिम स्पर्धेत दोन दिवस, रोज साडेचार तासांत फक्त तीन प्रश्न! गणकयंत्र चालत नाही, पट्टी आणि कंपास चालतो. म्हणजे आपल्या पोराच्या दप्तरात आहे तेच हत्यार.

तिथवर फार थोडी मुले पोचतात, हे खरे. पण जवळच्या पायऱ्याही आहेत. आठवीच्या एन.एम.एम.एस. परीक्षेत गणित असते. तीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. मजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. आणि काहीच मिळाले नाही तरी कारण मागायची सवय लागते. पुढे मजुरीचा हिशेब असो की जमिनीचा कागद, ती सवय कामी येते.

तेव्हा आई-वडिलांनो, रविवारी एक तास आपली ओसरी चार मुलांना द्या. नियम एकच: ज्याला येते त्याने उत्तर सांगायचे नाही, पुढची पायरी विचारायची. शिकवणाऱ्याचा वेळ वाया जातो, ही भीती सोडा. समजावताना त्याचे स्वतःचे कच्चे दुवे त्याला दिसतात.

आणि संध्याकाळी मुलांना “मार्क किती पडले?” एवढेच विचारू नका. “आज कुणाला काय समजावून सांगितलेस?” हेही विचारा.