स्क्रीन दिसत नाही, तरी मोबाइलवर फॉर्म भरतात कसा? आणि गाडी अडते कुठे?

सेवा केंद्रावर गर्दी असते. दृष्टिहीन माणूस खिशातला मोबाइल काढून शेजारच्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "ओटीपी आलाय का बघ जरा, भाऊ." बँकेचा मेसेज, खात्यातली शिल्लक, सगळं परक्याच्या नजरेखालून जातं. खरं तर तोच मोबाइल हे सगळं त्याच्या कानात वाचून दाखवू शकतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असतेच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ती चालू करायची. मग बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती उघडते.

कॉम्प्युटरवर हेच काम 'एनव्हीडीए' करतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये ते बनवायला घेतलं. आजही ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. आवाज जरा यंत्रासारखा आहे, पण सवय होते.

आता ब्राउझरचं बघू. आपण पानावर नुसती नजर फिरवतो आणि हवं ते शोधतो. ऐकणाऱ्याला तसं जमत नाही, त्याला एकामागून एक ऐकावं लागतं. म्हणून शॉर्टकट असतात. एनव्हीडीएमध्ये 'एच' दाबलं की थेट पुढच्या मथळ्यावर, 'बी' दाबलं की पुढच्या बटणावर, 'ई' दाबलं की लिहायच्या चौकटीवर. पण हे चालतं कधी? वेबसाइट बनवणाऱ्याने मथळा खरोखर मथळा म्हणून नोंदवला असेल तरच. नुसती अक्षरं मोठी आणि जाड केली, तर डोळ्यांना तो मथळा दिसतो, सॉफ्टवेअरला नाही. फॉर्मच्या चौकटीला नाव जोडलेलं नसेल तर कानावर फक्त "एडिट, रिकामं" एवढंच पडतं. तिथे आधार नंबर टाकायचा की गावाचं नाव, हे कळायचं कसं?

आपल्याकडची खास अडचण वेगळीच आहे. अनेक नोटिसा अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप होतात. आपल्याला अक्षरं व्यवस्थित दिसतात, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला काही म्हणता काही कळत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो काढून तोच अपलोड करायचा. तिथे वाचायला काहीच नसतं, नुसतं "इमेज" ऐकू येतं. ग्रामसभेची तारीख त्या फोटोतच राहते. (फोटोखाली दोन ओळी टाइप करायला आम्ही बातमीवालेही कंटाळा करतो, हे कबूल करायला हवं.)

मग येतो कॅप्चा, म्हणजे वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची. आवाजाचा पर्याय नसेल तर फॉर्म तिथेच संपला. केवायसीत "डोळे मिचकावा" अशी अट असायची, त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन वकील यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल आला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं आणि डोळे मिचकावण्याला दुसरा पर्याय द्यायला सांगितलं. त्याआधी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही माहिती सगळ्यांना वापरता येईल अशीच द्यायची, असं लिहिलेलं आहेच.

त्यामुळे एखाद्या सरकारी वेबसाइटवर फॉर्म अडला तर "आपल्यालाच जमत नाही" म्हणून सोडून देऊ नका. कुठल्या पानावर, कुठल्या चौकटीपाशी अडलं आणि त्या वेळी फोन काय बोलला, हे लिहून त्या कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. घरात कुणाला दिसत नसेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या फोनवर टॉकबॅक चालू करून शेजारी बसा. सुरुवातीला गोंधळ उडतो. आवाजाचा वेग कमी ठेवा, आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्या.