पेठेतील हवा, शिवारातील हवा

वैशाखातील एखाद्या सायंकाळी ईश्वरपूरच्या बाजारपेठेतून निघावे आणि गावाबाहेरच्या उसाच्या मळ्याकडे चालू लागावे. पेठेत भिंतींची धग अजून अंगाला जाणवत असते. मळ्याच्या बांधावर पोचताच गार झुळूक लागते. सूर्य एकच, आकाशही एकच. मग हा भेद कशामुळे पडतो बरे?

लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या गृहस्थांनी अनेक वर्षे तापमानाच्या नोंदी ठेवल्या आणि १८१८ साली ग्रंथरूपाने दाखवून दिले की, रात्री शहर भोवतालच्या प्रदेशाहून उबदार असते.

याचे कारण अवघड नाही. सिमेंट, दगड व डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती उष्णता हळूहळू बाहेर टाकतात. दाटीच्या घरांमुळे वारा अडतो. वाहनांची व यंत्रांची उष्णता त्यात मिसळते. मळ्यात मात्र पाने पाण्याची वाफ करून हवेत सोडतात. पाझरणाऱ्या माठातले पाणी जसे गार होते, तशीच तेथील हवा गार होते.

एकाच शहरातील सर्व वस्त्याही सारख्या तापत नाहीत. जेथे झाडे नाहीत आणि डोक्यावर पत्रा आहे, तेथील तान्ह्या मुलांना व वृद्धांना रात्रीही विसावा मिळत नाही. त्यातच साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढत आहे. २०१० सालच्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तेथे झाले, कारण पांढरा रंग ऊन परतवितो. मुंबई महानगरपालिकेनेही २०२२ साली हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला.

मुलांनो, हा अभ्यास तुम्हांसही करता येईल. दोन तापमापक घ्या. प्रथम ते शेजारी ठेवून सारखेच अंश दाखवितात ना, हे पाहा. मग एक पेठेत व एक मळ्याजवळ, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर टांगा. महिनाभर रोज सायंकाळी एकाच वेळी दोन्हींचे अंश वहीत टिपा. एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका; हवा रोज बदलते.

ती वही भरली, की दारातल्या लिंबाची किंमत तुम्हांस आकड्यांत कळेल. मग त्याच्यावर कुऱ्हाड पडू लागली, तर थांबविण्यास तुमच्यापाशी पुरावा असेल.